परबला एक तरी पाप करायला लावा!

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही हो. ते साठत जातात, माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे. टाकायला काढावेत तर एकेक हातात घ्यावा लागतो आणि मग टाकवत नाही! आमच्या अंधेरीच्या पंख्यांच्या कंपनीतली चार जुनी माणसं कुठल्या लग्नात भेटली की कुणीतरी म्हणतंच, "सुलभा, तो परबचा सांग ना!" मी म्हणते, कुठला? परबचा एकच किस्सा असता तर काय हवं होतं!

मी कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. संध्याकाळी शिफ्ट सुटली की कँटीनची टेबलं भिंतीला लागायची आणि आमच्या नाट्यमंडळाची तालीम सुरू व्हायची. मला काम करायचं नव्हतं, कारण मला एका जागी दोन मिनिटं उभं राहवत नाही. म्हणून त्यांनी मला प्रॉम्प्टर केलं. आता प्रॉम्प्टरला तर अख्खा अंक विंगेत खिळून उभं राहावं लागतं! पण आमच्याकडे सगळा कारभार असाच.

मंडळाचे सर्वेसर्वा म्हणजे नाईकभाई. पेंट शॉपचे फोरमन. नाटक तेच लिहायचे, तेच बसवायचे आणि तेच टेन्शन घ्यायचे. तालमीत ते कधी बसल्याचं मला आठवत नाही. हातात विझलेली सिगरेट, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या. बघून बघून आपल्यालाच धाप लागायची.

त्या वर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी भाईंनी 'धर्मकेतू' लिहिलं. जुन्या वळणाची शोकांतिका, पाच अंकी! धर्मकेतू हा कधी खोटं न बोललेला राजा. थोरला भाऊ लढाईत हरवलेला, म्हणून हा त्याच्या नावानं राज्य सांभाळतोय. तिसऱ्या अंकात दूत येतो आणि सांगतो, थोरले महाराज जिवंत आहेत, परत येताहेत. ही बातमी फक्त राजाला कळते. आणि राजा ती दाबतो. मग ते झाकायला दूताला मारतो, ते झाकायला आणखी कुणाला, आणि शेवटी रंगमंचावर एकटा उरतो.

वाचन संपल्यावर भाई म्हणाले, "वाईट माणूस पडला तर पब्लिक टाळ्या वाजवतं. चांगला माणूस पडला ना, तर पब्लिकच्या पोटात खड्डा पडतो. मला खड्डा पाहिजे!"

आणि धर्मकेतू कोण? तर परब!

*

परब इन्स्पेक्शनला होता. घाटकोपरला चाळीत राहायचा, मूळचा मालवणकडचा. चेहरा असा की अनोळखी बाई स्टँडवर त्याच्या हातात पोर देऊन पाणी प्यायला जायची. खरं सांगते, मी पाहिलंय! भाईंनी स्वतः रंगवलेली पाती त्यानं एकदा रिजेक्ट केली होती. भाई म्हणाले, "अरे, मी रंगवलीत!" तर हा म्हणतो, "म्हणूनच दोनदा बघितली, भाई."

त्या काळात चाळीत फोन कुठले? कुणाच्या घरी काही कळवायचं तर माणसाच्या तोंडी. आणि घाटकोपर, मुलुंडकडचा कुठलाही निरोप असला की तो परबकडे. परबला सांगितलं म्हणजे पोचलं. शब्द बदलणार नाही, आवाजसुद्धा बदलणार नाही. दारात ताठ उभा राहायचा आणि रेडिओवर बातम्या सांगतात तसा सांगायचा.

एकदा स्टोअर्सच्या कुलकर्ण्यानं त्याला निरोप दिला, "बायकोला सांग, आज ओव्हरटाइम आहे." परब म्हणाला, "ओव्हरटाइम तर नाही." कुलकर्णी म्हणाला, "अरे, मी पिक्चरला चाललोय, पण तू ओव्हरटाइम सांग." परब त्याच्या घरी गेला, दारात ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, कुलकर्णी म्हणालेत की तुम्हाला ओव्हरटाइम सांगायचं. ते पिक्चरला गेलेत."

कुलकर्णी पुढचा आठवडाभर कँटीनमध्ये जेवत होता.

*

आता हा माणूस बातमी दाबणार! पहिल्या तालमीतच वाट लागली.

दूताचं काम वामन कोळ्याकडे होतं. खारदांड्याचा, पॅकिंगला होता, आवाज असा की कँटीनची भांडी हलायची. वामन बातमी सांगतो, आणि राजा त्याला गुरकावतो, "ही गोष्ट या भिंतींच्या बाहेर गेली, तर जीभ छाटीन!" परबनं हे इतक्या मऊ आवाजात म्हटलं की वामन डायलॉग सोडून म्हणाला, "महाराज, असं बोललात तर मी जाऊन चहा पिऊन येईन. मला भीतीच नाय वाटत!"

भाईंनी फेरी मारली. "पुढे! पुढे घ्या!"

पुढे राजा हुकूम देतो, "या दूताचा शिरच्छेद करा!" परबनं मुठी आवळल्या, डोळे मिटले, बेंबीच्या देठापासून ओरडला. जमलं! आम्ही एकमेकांकडे बघितलं. भाई जागच्या जागी थांबले, म्हणजे बघा!

तेवढ्यात परबनं डोळे उघडले, वामनकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "सॉरी, वामन."

*

मग भाईंनी फर्मान काढलं. "परबला एक तरी पाप करायला लावा! ज्यानं कधी काही केलंच नाही, तो स्टेजवर काय डोंबल करणार?"

म्हटलं छोट्यापासून सुरुवात. बसमध्ये तिकीट काढू नकोस. दुसऱ्या दिवशी सगळे गेटवर वाट बघत उभे. परब आला तो घामानं निथळत.

"काय रे, काढलं नाहीस ना?"

"नाही काढलं."

"शाब्बास! कुठपर्यंत आलास तसाच?"

"एक स्टॉप."

"आणि मग?"

"मग मीच कंडक्टरला हाक मारली. तो म्हणाला, साहेब, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? आणि त्यानं मला खिडकीची जागा दिली."

भाईंनी कपाळावर हात मारला. "याला पाप करतानासुद्धा लोक जागा देतात रे!"

*

मग ठरलं, मॅनेजरशी खोटं बोलायचं. आजारी आहे म्हणून फोन करायचा, घरी बसायचं आणि मजा करायची. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून परबचा फोन आला. मीच लावून दिला. मी ऐकत नव्हते, लाइन धरून होते. ऑपरेटरला धरावी लागते!

"साहेब, मी परब. मी आजारी आहे."

"अरे! काय होतंय?"

आता पोटात दुखतंय म्हण, ताप म्हण, काहीही म्हण ना! पण नाही. मला वाटलं लाइन तुटली. मी प्लग हलवून बघितला. मग पलीकडून परबचा बारीक आवाज आला, "काही होत नाही, साहेब."

मॅनेजर घाबरले. परबसारखा माणूस आजारी आहे म्हणतोय आणि काय होतंय तेही सांगवत नाहीये, म्हणजे काहीतरी भयंकरच! त्यांनी कंपनीची गाडी आणि कंपनीचा डॉक्टर घाटकोपरला धाडला. डॉक्टरनं तपासलं तर ब्लडप्रेशर खरंच वर गेलेलं! खोटं बोलायच्या धसक्यानं! सक्तीची विश्रांती लिहून दिली.

दुपारी परब कामावर हजर. म्हणाला, "सुलभाताई, घरी बसवेना. डॉक्टरलाही फसवल्यासारखं वाटलं."

"अरे, पण तुझं बीपी खरंच वाढलंय!"

"ते खोटं बोलल्यामुळे वाढलंय. ते कसं धरायचं?"

मी हात जोडले.

*

दुसरीकडे होता देसाई. टाइम ऑफिसमधला. हाही घाटकोपरचा, परबच्याच चाळीत, वरच्या मजल्यावर. देसाई म्हणजे थापांचं गोडाऊन! रजेसाठी त्यानं सख्खी, चुलत, मावस अशा किती आज्या मारल्या, त्याचा हिशोब त्याच्या आईलाही नसेल. नाटकात तो प्रधान होता. भाईंनी सहज म्हणून त्याला धर्मकेतूचा तिसरा अंक वाचायला लावला. काय सांगू! बातमी काय दाबतो, दूताच्या खांद्यावर हात ठेवून त्याला काय मरायला पाठवतो, अंगावर काटा आला. पण पहिल्या अंकात तो म्हणाला, "मी आजवर असत्य बोललो नाही," आणि सगळं कँटीन खो खो हसायला लागलं. भांडी घासणारेसुद्धा!

भाई वैतागून म्हणाले, "परब पडत नाही आणि देसाई चढत नाही. मी करू काय?"

त्या दिवसापासून परबचं लक्ष उडालं. इन्स्पेक्शनच्या टेबलाखाली त्याचा पाय सारखा हलायचा. चहा घ्यायचा आणि तसाच ठेवून द्यायचा. एकदा मीच विचारलं, "काय झालंय तुला?"

"सुलभाताई, हे काम जाणार माझं."

"गेलं तर गेलं. तू काय पोटासाठी करतोस?"

तर त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला स्वतःचाच राग आला. त्याचे वडील गिरणीत होते, संपानंतर घरीच बसलेले. तरुणपणी तेही गिरणीतल्या नाटकांत कामं करायचे. परब इतकी वर्षं आमच्या नाटकांत भालदार, चोपदार, शिपाई. आणि दर वर्षी म्हातारा पहिल्या रांगेत येऊन बसायचा, मुलगा कधी बोलतोय त्याची वाट बघत. "यंदा मी सांगितलं त्यांना, राजा आहे म्हणून. त्यांनी कोट इस्त्रीला दिला. आता परत जाऊन काय सांगू? भालाच आहे म्हणून सांगू?" त्याचे डोळे भरले होते. "मला हे काम पाहिजे, सुलभाताई. कधी काही मागितलं नाही मी. हे पाहिजे."

*

प्रयोग रविवारी सकाळी. शनिवारची तालीम मी विसरायचा प्रयत्न करते. परबनं बातमी अशी दाबली की वाटावं पाहुण्यांच्या पायावर पांघरूण घालतोय. देसाई तर बायको आजारी आहे सांगून लवकर सटकला होता, म्हणजे पिक्चर असणार. भाई नुसते फिरत होते. सगळे पांगले. मी संहितेची पानं लावत होते आणि परब टेबलं जागेवर ठेवत होता.

भाई त्याच्यापाशी गेले. त्याच्याकडे न बघता म्हणाले, "परब, देसाईकडे निरोप दे. म्हणावं, सकाळी लवकर थेटरात ये. धर्मकेतूचे कपडे तुझ्या मापाचे करून घ्यायचेत."

परबच्या हातातलं टेबल तिथेच राहिलं. म्हणाला, "सांगतो." नेहमीसारखा. आणि गेला.

मी भाईंवर उसळलेच. "अहो भाई, ज्याचं काम काढलंत, त्याच्याच हातून निरोप धाडलात? काही आहे की नाही?"

भाई माझ्याकडे बघतच राहिले. "अरे देवा! घाटकोपरचा निरोप म्हटल्यावर तोंडातून परबच आलं गं! सवय झालीय!"

"आता?"

"आता काय? परब आहे. पोचवेल."

मलाही तीच खात्री होती. म्हणूनच जीव जळत होता.

*

रविवारी मी थेटरात पोचले तर कपडेपटापाशी परब एकटा उभा. देसाईचा पत्ता नाही. भाई घिरट्या घालत आले. "देसाई?"

"नाही म्हणाला, भाई. एवढं पाठांतर नाही म्हणाला."

"भित्रा साला!" भाई म्हणाले आणि धर्मकेतूचा अंगरखा परबच्या अंगावर फेकला. "चल, चढव. तूच कर. मर एकदाचा!"

मला इतका आनंद झाला की मी परबच्या पाठीत धपाटा घातला. तो हसला नाही. म्हटलं, टेन्शन असेल.

देसाई ऐन घंटेला उगवला, भाई रागानं त्याच्याशी बोललेच नाहीत. दोन अंक बरे गेले. मध्यंतरात देसाई प्रधानाचं पागोटं बांधत माझ्या शेजारी उभा होता. सहज म्हणाला, "मला वाटलं होतं यार, भाई आज मला उभं करणार. मूर्खासारखं अख्खं पाठ केलं होतं. बायकोला सांगितलं कुणी आलं तर उठव. बोलावणंच नाही आलं."

मी म्हटलं, "काय नाही आलं?"

"बोलावणं गं."

समोरच्या विंगेत परब उभा होता. त्यानं आम्हाला बोलताना बघितलं, आणि मान फिरवली. तेवढ्यात तिसरी घंटा झाली.

तिसरा अंक. वामन कोळी येतो, बातमी सांगतो. राजा त्याला आत पाठवतो. मग प्रधान येतो, म्हणजे देसाई. आता प्रधानाचं वाक्य भाईंनी काय लिहिलं होतं माहितीये? "महाराज, माझ्यासाठी काही निरोप आला का?" आणि राजा म्हणतो, "नाही." बस, एवढंच. इतक्या तालमी झाल्या, आमच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

देसाईनं वाक्य घेतलं. झकास घेतलं. आणि परब त्याच्याकडे बघत राहिला.

मी विंगेतून म्हटलं, "नाही." तो गप्प. परत म्हटलं, "नाही! नाही म्हण!" त्याचे ओठ हलले, आवाज नाही. थेटरात खुर्चीसुद्धा वाजत नव्हती. त्याचा हात अंगरख्याच्या बंदावर गेला. भाई समोरच्या विंगेत पुतळा होऊन उभे.

मग परब म्हणाला, "नाही."

कसं म्हणाला ते मला सांगता येत नाही. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं तोंडावर पदर धरला. पुढे वामनला मारायचा हुकूम त्यानं इतक्या हळू आवाजात दिला की वामन नंतर म्हणाला, "आज मी खरंच घाबरलो."

सॉरी तो म्हणाला नाही.

पडदा पडल्यावर त्याचे वडील कोट सावरत आत आले. लोक परबला मिठ्या मारत होते. म्हातारा बाजूला उभा राहून बघत होता. मग जवळ येऊन मालवणीत विचारलं, "ह्यां खंय शिकलंस रे, झिला?"

परबनं मुकुट काढला आणि रंग पुसायला बसला.

*

आणि आता तो शेवटचा. यासाठीच सगळे मला पिडतात.

निकाल लागला. नाटक पहिलं, अभिनयाचं पदक परबला! मधल्या दिवसांत परब मला टाळत होता. समोरून आले की जिना बदलायचा. मीही काय बोलणार होते? मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा, आणि त्याच्या वडलांचा कोट आठवला की दोन्ही जायचं.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये सत्कार ठेवला. प्रत्येकाच्या ताटात जिलबी. मॅनेजर भाषणात म्हणाले, "परबसारखा सच्चा माणूस इतका मोठा खोटारडा रंगवू शकतो, हीच खरी कला!" टाळ्या. परबला हार घातला आणि म्हणाले, "दोन शब्द बोला."

परब उठला. देसाई माझ्या शेजारी बसला होता. परब गळ्यातल्या हारासकट आमच्या टेबलापाशी आला, देसाईसमोर ताठ उभा राहिला आणि त्याच्या त्या बातम्यांच्या आवाजात म्हणाला, "देसाई, भाईंचा निरोप आहे. सकाळी लवकर थेटरात ये. धर्मकेतूचे कपडे तुझ्या मापाचे करून घ्यायचेत."

मागून कुणीतरी हसलं.

"हे मी तुला शनिवारी सांगायचं होतं," परब म्हणाला. "मी सांगितलं नाही. तुझ्या दारावरून गेलो आणि सांगितलं नाही. हे पदक तुझं आहे."

भाई उठले. "अरे, पण तू म्हणालास, तो नाही म्हणाला!"

"खोटं बोललो, भाई."

आता सगळं कँटीन हसायला लागलं. परब आणि खोटं! मी तोंड उघडलं, तर टेबलाखाली देसाईनं माझा पाय जोरात दाबला. त्यानं जिलबीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला.

"काय बोलतोस, परब?" देसाई म्हणाला. "दिला होतास की निरोप! दारात उभा राहून, असाच्या असा. मीच नाही म्हणालो. पाठ नव्हतं माझं."

"नाही दिला!" परब ओरडला. "देसाई, खरं सांग ना रे! नाही दिला मी!"

"दिलास रे बाबा. बायकोला विचार माझ्या."

परबनं सगळ्यांकडे बघितलं. वामनकडे, मॅनेजरांकडे, कुलकर्ण्याकडे. सगळे कौतुकानं मान हलवत होते. किती हा मोठेपणा! पदक दुसऱ्याला द्यायला निघालाय! त्याच्या गळ्यातला हार छातीवर वरखाली होत होता.

भाई त्याच्यापाशी आले. त्याच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं.

"परब," भाई म्हणाले, "तुला खोटं बोलता येत नाही. उगाच कशाला प्रयत्न करतोस? जेव बघू!"

आणि कँटीनमध्ये टाळ्या पडल्या.